आधी हात, मग सुई

“आधी हात, मंग सुई,” असं म्हणत ती समोरच्याचे दोन्ही तळवे एकावर एक ठेवायची. मुखेडची पोर, आमच्या रेणापुरात अ‍ॅम्ब्युलन्सवर कामाला, आमच्या समोरच्याच खोलीत भाड्यानं. मला मावशी म्हणायची.

तुम्हीही पाहिलं असेल, सुई टोचल्याशिवाय आपल्या लोकांना उपचार झाल्यासारखं वाटतच नाही. याचा तिला लई राग. एका दुपारी गल्लीतल्या बायका गोळा करून तिनं आम्हाला उशीवर छाती दाबायला शिकवलं. आम्ही हसून हसून लोळलो. “हसा, पण दाबत राहा,” म्हणाली.

पुढं महिनाभरात आमचे हे जेवता जेवता कलंडले. श्वास नाही, हाकेला ओ नाही. जाऊबाईंना वाटलं, फिट आली. त्यांनी कांदा फोडून ह्यांच्या नाकाला लावला. तो मी भिरकावला, त्यांना फोन करायला सांगितलं आणि नवऱ्याच्या छातीवर हात रोवले. चारचौघांत ह्यांच्या शेजारी बसायला लाजणारी मी! ती लाज कुठं गेली कोण जाणे.

गाडी आली, गाडीवर तीच होती. ड्रायव्हरनं माझ्या हातांची जागा घेतली. तिनं छातीला पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना मागं सारून विजेचा झटका दिला. पुन्हा दाबणं, पुन्हा झटका. जाऊबाई रडत एकच म्हणत होत्या, अगं, सुई तरी दे.

तिनं मान वर केली नाही. “काळीज नुसतं थरथरून राहिलंय, काकू. अजून एक झटका. न्हाई लागू पडला तर देते.”

नाही लागू पडला. तेव्हा तिनं शिरेतून औषध सोडलं, अन् ड्रायव्हरला म्हणाली, “तुम्ही थांबू नका.”

त्यानंतरच्या झटक्याला ह्यांची नाडी लागली. मी तिचे पाय धरायला वाकले, तर म्हणाली, “आत्ता न्हाई, मावशी. अजून लातूर गाठायचंय.”

लातूरच्या दवाखान्यातून हे घरी आले, स्वतःच्या पायांनी. मी येईल त्याला त्या औषधाचं कौतुक सांगायचे. एकदा तिनं ऐकलं. “औषध काळजापर्यंत जायला रगत फिरावं लागतंय. ते तुम्ही फिरवलं.”

यंदा तिची नांदेडकडं बदली झाली. निघताना हे तिची ट्रंक उचलायला धावले. तिनं डोळे वटारले आणि ह्यांच्या हातात कुकरचं झाकण दिलं. स्टँडपर्यंत हे झाकण घेऊन ऐटीत पुढं चालले होते, आणि ती ट्रंक सांभाळत, मागून ह्यांची चाल बघत.