ड्रममधला उत्तर ध्रुव

आमच्या घरी वर्तमानपत्र एखाद दिवस चुकायचं, वडिलांच्या चळवळीची पत्रकं कधीच नाही. त्यांच्या पिशवीतून ती निघाली की मी आधी शाईचा वास घ्यायचे, मग वाचायचे. त्यामुळे कॉलेजात आम्ही तिघी मैत्रिणींनी विज्ञानाचं पत्रक काढायचं ठरवलं, तेव्हा नियमही घरचाच घेतला: छापलेलं खोटं निघालं, तर ज्या ठिकाणी पत्रकं वाटली तिथेच उभं राहून मागं घ्यायचं.

तिसरं पत्रक माझं. उत्तर ध्रुवाजवळ समुद्रावरच्या बर्फाला भोक पाडून शास्त्रज्ञ लांब तार सोडतात. तारेवरून एक यंत्र खाली-वर सरकत पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजतं. त्यातून कळलं काय, तर बर्फालगतचं पाणी गार आणि खोलवरचं त्याहून ऊबदार! शेवटी मी ठसठशीत लिहिलं होतं: ‘विश्वास ठेवू नका, मोजून पाहा!’

सिंदीच्या आठवडी बाजारात बर्फवाल्या काकांनी ते मोठ्यानं वाचलं.

"काऊन वं पोरी, गरम पानी वरतं येते का खाली जाते? चुलीवर पानी कधी ठेवलं नाई वाटते तुनं!"

"खालच्या पाण्यात मीठ जास्त असतं, काका. म्हणून ते जड."

"मंग मोजून दाखव. तूच लिवलं ना? नाई तं इथंच बोल, चुकलं म्हनून."

बाजार हसला. मी लगेच हो म्हणाले.

पुढच्या बाजारी त्यांच्या दुकानासमोर आम्ही ड्रम मांडला. तळाला कोमट, भरपूर मिठाचं पाणी. त्यावर फळी तरंगवून तिच्यावरून माठातलं गोडं पाणी हळूहळू सोडलं, मिसळू नये म्हणून. वर काकांच्याच बर्फाची लादी. शाळेतून मागून आणलेला थर्मामीटर दगड बांधून दोरीनं तळाशी सोडला, थांबलो, वर ओढला.

गार! पुन्हा सोडला. पुन्हा गार.

वर येताना गार पाण्यातून पारा उतरत होता. मला ते कळत होतं, पण आता सांगणं म्हणजे पळवाट दिसली असती. नियम म्हणजे नियम. मी स्टुलावर चढले. "लोकहो, माझ्या पत्रकात…"

"थांब वं!" काका ओरडले. "मी बर्फ भुशात देतो का उघडा देतो? अन् तू थे काचेची काडी नागडीच वर आनते?"

समोरच्या गाडीतला मूठभर कापूस त्यांनी उचलला, भिजवला, थर्मामीटरच्या टोकाला जाड गुंडाळून दोऱ्यानं आवळला. सगळ्यांचा चहा होईपर्यंत तो तळाशी राहू दिला. मग स्वतःच दोरी ओढली, कापूस सोडला, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"कोमट हाये."

मग आपणच आपल्याला हरवलं हे काकांच्या ध्यानात आलं आणि ते इतके हसले, की लादीवर हात टेकावा लागला. त्यानंतर अर्ध्या बाजाराला ती दोरी ओढायची होती. पाणी ढवळून पार एक झालं तरी रांग हटेना.

"उतर आता स्टुलावरून," काका मला म्हणाले. "अन् धा-वीस पत्रकं ठेवून जाजो. बर्फ गुंडाळाले नाई, वाटाले."