दिलं नव्हतं, बदललं होतं

चालत्या मेट्रोत बाईंनी माझ्या मुलीची बाही दोन बोटांत धरली. कापडबाजारात धरतात तशी. उलटी करून आतले टाके बघितले आणि शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलीला म्हणाल्या, "बघ गं, हा तुझाच ड्रेस. हे फूल मी भरलंय."

आजूबाजूचे सगळे बघायला लागले.

"हो की," त्यांची मुलगी म्हणाली. "अजून किती छान राहिलाय."

"दिलेलं वाया जात नाही. गरिबाच्या उपयोगी पडतं."

मुलीनं मोबाईल काढला. माझ्या शीतलला म्हणाली, "हात जरा वर कर ना. फूल दिसू दे. घरच्या ग्रुपवर टाकते."

शीतलनं माझ्याकडं बघितलं. मी हसले. तिनं हात वर केला.

फोटो निघाला.

मी हसले, हे आधीच लिहून टाकते. मागाहून सांगितलं तर ते लपवल्यासारखं होईल. मी नगरमध्ये वीस वर्षं भांडी डोक्यावर घेऊन फिरते. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलचं भांडं द्यायचं. लोक आम्हाला बोहारणी म्हणतात. कपडा उन्हात धरून विरलेलं शोधायचं, गिऱ्हाईक पातेलं मागत असलं तर वाटीवर आणायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. सासरनं टाकल्यावर चार वाट्या आणि एक पाटी एवढ्यावर मी उभी राहिले. आमच्या गल्लीत म्हणतात, हिच्याशी सौदा करायचा तर घरून जेवून यावं. माझा राग सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या दिवशी मी हसले. कारण कुठल्या स्टेशनला उतरायचं ते बाईंना माहीत होतं आणि मला नव्हतं.

शहराचं नाव लिहीत नाही. डोळ्यांचं एक मोठं हॉस्पिटल आहे तिथं. नजर तपासायचं शिक्षण देतात, राहायला वसतिगृह देतात. शीतलचं नाव यादीत लागलं होतं. पत्रात लिहिलं होतं, सकाळी अकराच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल. आम्ही पहाटेची एसटी धरली. स्टँडवर उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते. रिक्षावाला म्हणाला, रस्ता खोदलाय, तास मोडंल, मेट्रोनं जा.

मेट्रोत आम्ही दोघी कधी बसलो नव्हतो. सरकत्या जिन्यावर पाय टाकायला मी दोन वेळा मागं फिरले. खाली तिकिटाच्या खिडकीला रांग. बाजूला मशीन. शीतल मशीनपुढं उभी राहून एकेक वाचत होती. मी मागून तिला टोचत होते, झालं का, झालं का.

"आई, थांब. जमतंय मला," ती म्हणाली.

मी थांबले नाही. कारण मला गर्दीत ओळखीचा चेहरा दिसला. सावेडीतल्या बाई. माझं जुनं गिऱ्हाईक. परक्या गावात आपल्या गावचं माणूस दिसलं की जीव किती हलका होतो. मी लांबूनच हाक मारली, "ओ बाई, वळखलं का? नगरची भांडीवाली."

ती हाक मी मारली. कुणी मारायला लावली नाही.

बाई चांगलं बोलल्या. त्यांची मुलगी त्याच शहरात नोकरीला, तिच्याकडं आल्या होत्या. मुलीनं मोबाईल नाचवून आमची दोन तिकिटं काढून दिली. "आमच्याबरोबरच चल," बाई म्हणाल्या. "पाचवं स्टेशन. मी सांगते तुला." त्या मला अगं-तुगं करतात. मी त्यांना अहो-जाहो. वयानं दोघी सारख्याच असू.

मग आम्ही त्यांच्या मागं मागं. पट्ट्यावर पिशवी ठेव. कागद काचेवर धर. पिवळ्या रेषेच्या मागं उभी राहा. प्रत्येक गोष्ट बाई मोठ्यानं सांगायच्या आणि आसपास बघून हसायच्या. कागदपत्रांची फाईल आणि शीतलचा मोबाईल माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. गाडी आली, आम्ही आत चढलो, आणि उजेडात त्यांचं लक्ष बाहीवर गेलं.

तो ड्रेस मी ओळखत होते, त्याही ओळखत होत्या. मोहरीच्या रंगाचा, बाहीवर बारीक पांढरी फुलं. एकच फूल पिवळट दोऱ्याचं, मधेच दोरा संपलेला असणार. बोहारणीच्या घरी चांगला कपडा राहत नाही, तो पुढं विकायचा असतो. हा एवढा एक मी विकला नाही. शीतल शिकायला जाईल त्या दिवसासाठी पत्र्याच्या पेटीत दोन वर्षं राखला.

फोटो निघाल्यावर दुसरं स्टेशन आलं. दार उघडलं. शीतल उतरली. मला वाटलं दाराशी उभी आहे. टूं टूं वाजलं आणि दार मिटलं. काचेपलीकडं तिची पाठ दिसली. मग भिंत.

मी दारावर हात आपटला. "थांबवा, माझी पोरगी ऱ्हायली."

"अगं, ही एसटी आहे का घंटी मारून थांबवायला," बाई म्हणाल्या. एकदोघं हसले. "अशी कशी उतरली? वेंधळीच आहे. घाबरू नकोस. पुढच्या स्टेशनला उतर आणि समोरच्या गाडीनं मागं जा."

शीतलकडं मोबाईल नाही. कागद नाहीत. शहर तिला माहीत नाही. तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "तिनं मनाला लावून घेतलं वाटतं. यात लाजायचं काय? मी चांगल्या मनानंच दिला होता."

मी वळले.

"दिला नव्हता, बाई. बदलला हुता. पाच लिटरचा डबा घेतला तुमी. झाकण घट्ट बसतं का ते तीनदा बघितलं. वर चहाची गाळणी मागितली. ती बी दिली."

"अगं हळू बोल."

"त्या डब्यात काय ठेवता?"

बाईंनी मुलीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कणीक."

"मग तुमच्याकडं पाव्हणे आल्यावर मी येऊन सांगू का, हा डबा मी दिलाय म्हणून? गरिबाच्या उपयोगी पडला म्हणून?"

कुणी हसलं नाही आता. मी त्यांच्या मुलीपुढं हात केला. "फोटो पुसा."

"काकू, एवढं काय त्यात?"

"पुसा."

"पाठवला पण मी."

"तिथनं बी पुसा."

बसलेले एक आजोबा म्हणाले, "जाऊ द्या हो ताई."

"तुमच्या लेकीची बाही धरली आस्ती तर गेलं आस्तं का?" मी म्हणाले. ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काळोखी भिंतच होती.

एवढ्यात तिसरं स्टेशन आलं. दार उघडलेलं मी बघितलं. मिटलेलंही बघितलं. फोटो अजून पुसला नव्हता. मी जागची हलले नाही. मुलगी मोबाईलवर बोटं फिरवत होती, मी त्या बोटांवर नजर ठेवून होते. शेवटी तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. फोटो नव्हता. मी चौथ्या स्टेशनला उतरले.

ते एक स्टेशन मी जाऊ दिलं, ते चुकलं की बरोबर झालं, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

उतरल्यावर कळलं, शीतल उतरली त्या स्टेशनचं नाव मी बघितलंच नाही. आपल्या स्टँडला लिंबाचं झाड असतं, रसवंती असते, मुतारीचा वास असतो. डोळे मिटून सांगावं कर्जत आलं की मिरजगाव. इथं प्रत्येक स्टेशन सारखं. तीच फरशी, तीच काच, तोच आवाज. मी पळत जिना चढले आणि फाटकातून बाहेर पडले. परत आत जाता येईना. नवीन तिकिटाची रांग. मी रांगेतल्या प्रत्येकाला हात जोडले. वीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी जोडले नव्हते. तिथला सुरक्षारक्षक म्हणाला, "मावशी, लेकीला सोडून किती स्टेशनं आलात?" मी दोन बोटं दाखवली. त्यानं मला बरोबर पलीकडच्या फलाटावर नेऊन उभं केलं.

दोन स्टेशनं मोजून मी उतरले. शीतल फलाटाच्या टोकाला खाली बसली होती. दोन्ही बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या. फूल दिसू नये म्हणून.

"ऊठ," मी म्हणाले. "येळ झाला."

"मी ह्या ड्रेसमधी जाणार न्हाई."

"फोटो पुसायला लावला मी. सगळ्यांपुढं बोलले."

"मला काय दिसलं ते सांगू?" ती म्हणाली. "मी तुझ्याकडं बघितलं. तू हसत हुतीस."

ज्या तोंडानं मी नगरभर भांडते, ते तोंड उघडलं नाही. मी तिच्यापुढं हात केला. बऱ्याच वेळानं तिनं धरला. दोन गाड्या गेल्या मधे.

हॉस्पिटलच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. खिडकीतल्या मॅडम रागावल्या नाहीत. कागद नीट बघितले, परत फाईलमध्ये लावले. "अकरापर्यंत वाट बघितली. पुढच्या मुलीनं सही केली आत्ताच." ती मुलगी व्हरांड्यात वडिलांना पेढा भरवत होती. मी विनवलं. पाया पडायला वाकले, तेव्हा शीतलनं मला दंडाला धरून सरळ केलं.

"आई, बास," ती म्हणाली. "चल."

परतताना मी म्हणाले, स्टँडवर चालत जाऊ. ती म्हणाली, नाही, मेट्रोनं. मशीनपुढं ती उभी राहिली, मी चार पावलं लांब. ती वाचत गेली, दाबत गेली. दोन तिकिटं बाहेर आली.

दोन मिनिटं लागली.

महिन्याभरानं मी सावेडीत फेरीला गेले. बाईंनी फाटकातून हाक मारली. हातात चादरींचा गठ्ठा, धुतलेला, चांगला. "अगं ए, त्या दिवशीचं मनात ठेवू नकोस. बघ, तुला द्यायला किती काढून ठेवलंय."

मी पाटी रस्त्यावर ठेवली. फाटकाच्या आत गेले नाही.

"द्यायला न्हाई. बदलायला म्हणा."

"तेच गं."

"तेच न्हाई, बाई. म्हणा."

त्या हसल्या. म्हणाल्या नाहीत. मी पाटी उचलली. चादरी चांगल्या होत्या, लांबूनही कळत होतं. आता प्रत्येक दारात मी आधी हे म्हणवून घेते. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. लोक म्हणतात, भांडीवालीला माज आलाय. म्हणू देत.

शीतलनं पुढच्या वर्षीचा अर्ज भरलाय. मोहरी रंगाचा तो ड्रेस मी पेटीत परत घातला नाही. धुऊन, इस्त्री करून खिळ्याला टांगलाय, येता जाता दिसेल असा. ती तोच घालून जाणार आहे, बाह्या मनगटापर्यंत सोडून. तिकीट ती काढेल. मी मागून टोचणार नाही. वाटेत कुणी ती बाही धरली, तर ती माझ्याकडं बघेल.

या वेळी मी हसणार नाही.