इथं कुणी न्हाई

अख्ख्या जालना जिल्ह्यात माणसं मोजण्याची इतकी हौस माझ्या थोरल्या साडूंखेरीज दुसऱ्या कुणाला नसेल. ते प्राथमिक शिक्षक. सरकारी पाहणीचं काम आलं की इतर गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडायच्या, यांच्या अंगात मात्र वारं भरायचं. एकदा एसटीत शेजारच्या बाईला त्यांनी इतक्या आस्थेनं वय विचारलं की कंडक्टरला मध्ये पडावं लागलं. गावोगावची घरं त्यांना नावानिशी पाठ होती.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात अशाच एका पाहणीत मी त्यांच्या जोडीला होतो. त्या खेपेला अर्जात नागरिकत्वाचा रकाना नवा होता. वाटूरच्या पुढं, मेंढ्या राखता राखता स्थिरावलेल्या कुटुंबांची एक वस्ती होती. भर दुपारी पोचलो तर चिटपाखरू नाही. परातीत अर्धवट मळलेलं पीठ, त्यात बोटांचे ताजे ठसे. तान्ह्याची एक रिकामी झोळी अजून हलत होती. कुत्री भुंकत नव्हती, नुसती बघत होती. बंद दारांआड श्वास ऐकू येत होते. साडू एकेकाला नावानं हाका मारत फिरले.

शेवटी एका दाराआडून म्हातारा आवाज आला, "इथं कुणी न्हाई, गुरुजी."

"मंग तू कोण बोलून राह्यली, आजी?"

"मी बी न्हाई."

साडू हसले, पण ते हसू टिकलं नाही. "आजी, मागच्या खेपेला तर तूच समदी नावं सांगितल्ती."

"तवा घरात किती ते इचारलं. आता कुठले ते इचारून राह्यले म्हणं. मी वाटंत जन्मले, मेंढरांमागं. कागुद न्हाई. नाव लिवून आमाला कुठं धाडता?"

"कुठं बी न्हाई."

"तसं लिवून द्या."

साडूंनी पेन उघडलं आणि तसंच धरून बसले. तो अधिकार त्यांना नव्हता. उन्हं कलली तरी दार उघडलं नाही. मग ते यादीत एकेका घरापुढं 'घर बंद' लिहीत गेले, आणि लिहिताना आतल्या माणसांची नावं पुटपुटत राहिले.

पुढं त्याच यादीवरून हातपंप मंजूर झाले, त्यात ती वस्ती नव्हती. कागदावर तिथं कुणी राहतच नव्हतं.

निवृत्तीनंतर साडू मला घेऊन पुन्हा तिथं गेले. आजी पावसाळ्यात वारली होती. सून म्हणाली, "गुरुजी, मरणाचा दाखला मिळंना. ती व्हती, असं कुठं लिवलेलं हाये का?"

साडूंनी तिच्याकडून वहीचा एक कोरा कागद मागून घेतला आणि सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'ही बाई इथं राहत होती. मी तिला ओळखत होतो.'

खाली सही करून त्यांनी कागद सुनेच्या हातात दिला.