न वाचता टाइप करणारा

दुर्गच्या मोहन नगरात त्याचं डीटीपीचं दुकान होतं. बाबांवर लिहिलेलं पुस्तक मी त्याच्याकडेच टाइपिंगला दिलं. मान तिरपी ठेवून तो टाइप करायचा आणि पान संपलं की बोटं मोडायचा. मजकूर कसा वाटला, असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "मी वाचत नाही, भाऊ. वाचलं का हात अडते." मला रागच यायचा. माझे बाबा त्याच्या बोटांखालून लग्नपत्रिकेसारखे निघून जात होते.

फ्लॉपी घेऊन आम्ही दोघं नागपूरच्या प्रेसमध्ये गेलो. तिथल्या कंप्युटरवर आमचा फॉन्ट नव्हता. पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं उमटली.

"फाइल बिघडली. पुन्हा टाइप करा," प्रेसवाला म्हणाला.

"कावून? फॉन्ट आणून देतो न मी." एवढं बोलून तो पडद्यावरच्या त्या कचऱ्यातून सरळ मराठी वाचू लागला. कोणतं अक्षर कोणत्या बटणावर, हे त्याच्या बोटांत बसलं होतं. नंदिनी गावच्या खाणीवरून आलेले बाबा चुनखडीनं पांढरे झालेले बूट दाराबाहेर झटकायचे, इथपर्यंत तो आला आणि प्रेसवाल्यानं कंटाळून फाइल बंद केली.

पडदा रिकामा झाला. तो रिकाम्या पडद्याकडेच बघत पुढचं वाक्य म्हणाला, "बाबा गेल्यावरही शेजाऱ्यानं बूट झटकले, की आई चहाचं आधण ठेवायची."