गच्चीवरचा मंगळ

श्रावणातल्या एका सोमवारी भावोजी गेले. सकाळी चहा घेतला, पेपरची घडी घातली आणि गेले.

आमच्या अख्ख्या गोतावळ्यात मंगळावर राहून आलेला हा एकच माणूस. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठेतरी वाचलं, की मंगळावर जाण्याआधी माणसं इथेच, वाळवंटात, बंद घरात राहून सराव करतात. त्यांनी अर्ज केला. वयामुळे नकार आला. "त्यांना वाळवंट लागतं, आपल्याला गच्ची पुरे," म्हणत त्यांनी कोपरच्या आपल्या इमारतीवरची पत्र्याची खोली सोसायटीकडून मागून घेतली. ध्यास एकच : सलग तीस दिवस मंगळावर काढायचे. पाण्याच्या जारचं हेल्मेट आणि रेनकोट चढवून ते कठड्यापाशी नमुने गोळा करत. पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरींना अहवाल गेला : 'नमुना सात. कठड्याचा गिलावा. बोटाने सुटला.' सेक्रेटरींनी मेसेज टाकला, 'काका, मंगळ एवढा मोठा आहे, आमच्याच बिल्डिंगवर कशाला उतरलात?' उत्तर चाळीस मिनिटांनी आलं. निरोप मंगळावर पोचायला वीस मिनिटं लागतात, म्हणून भावोजी प्रत्येक मेसेज वीस मिनिटांनी उघडत आणि उत्तरही वीस मिनिटं अडवून मग सोडत. ताईने 'भात की पोळी?' विचारलं, की उत्तर येईपर्यंत भात होऊन निवलेला असे. "अरे, लग्नानंतर पहिल्यांदाच हे विचार करून बोलतायत," ताई मला म्हणाली.

दोन मोहिमा फसल्या. एकदा टाकी धुणारे वर आले, एकदा भाचीच्या बाळाचं बारसं निघालं. तिसरी मात्र सव्विसाव्या दिवसापर्यंत पोचली. त्या दुपारी फोनवर ताईचा मेसेज वाजला. एरवी दुपारी ती झोपते. भावोजींनी मेसेज तत्क्षणी उघडला : 'छातीत दुखतंय.' चार जिने उतरून, ताईला धरून, ते हेल्मेटसकट रिक्षात बसले. "काका, आग कुठं लागलीय?" रिक्षावाल्याने विचारलं म्हणे.

मी कोलशेतहून पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. भावोजी बाकावर रेनकोटमध्ये घामाने भिजले होते.

"चारच दिवस राहिले होते हो, भावोजी," मी म्हणालो.

"ती वीस मिनिटं वाट बघत बसली असती रे," ते म्हणाले. "मीच सवय लावली होती तिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीची किल्ली सोसायटीला परत केली. नंतर मी दोनदा विषय काढून पाहिला, पण ते पुन्हा वर गेले नाहीत.

तीस दिवस काही पुरे झाले नाहीत. ताई आहे. परवा तिचे रिपोर्ट आले, ठीक आहेत.