चाळणी स्क्रीनच्या मधोमध

लातूरला आमच्या घरचं वर्कशॉप आहे, डाळमिलच्या मशिनी बनवायचं. लग्न होऊन आले तेव्हा डिप्लोमा झालेली मी एकटीच, म्हणून कॉम्प्युटरवर मशिनीचं मॉडेल काढायचं काम सासऱ्यांनी माझ्याकडे दिलं. मग धाकटी जाऊ आली, उदगीरची. माझ्या शेजारी बसून बघता बघता शिकली आणि माझ्यापुढे गेली.

मॉडेल मीही नीट काढायचे. अडचण ते फिरवून दाखवण्यात होती. मी फिरवायला घेतलं की अख्खी मशीन स्क्रीनबाहेर भिरकावली जायची. मग लहान कर, ओढून आण, परत मोठं कर, यात गिऱ्हाईक जांभया द्यायचं. जाऊ मात्र एका भागावर टिचकी मारायची, तो भाग मधोमध यायचा आणि सगळी मशीन त्याच्याभोवती संथ फिरायची. सासरे म्हणायचे, "धाकटीच्या हाताला वळण हाय." मी चहाच्या निमित्तानं उठून जायचे. कसं करतेस, एवढं तिला विचारायला माझी जीभ रेटत नव्हती.

एकदा ती माहेरी गेलेली असताना उमरीचं गिऱ्हाईक आलं. चाळणी खालून कशी निघते, ते त्यांना बघायचं होतं. मनातून मला बरंच वाटलं. आज खुर्ची माझी होती.

मी चाळणीजवळ जायला माउसचं चाक फिरवलं, ते जास्तच फिरलं. मागे घ्यायला गेले तर स्क्रीन पांढरीफटक. कुठेच काही दिसेना.

"पुसलं का काय?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"धाकटीला फोन लाव," सासरे म्हणाले.

"थांबा, सापडतंय," मी म्हणाले. पण त्यांनी स्वतःच फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यासमोर ठेवला.

"ताई, स्क्रीन रिकामी दिसायली का?" जाऊ म्हणाली. "काही गेलं न्हाई. वर सगळं मावेल असं दाखवायचं बटण हाय, ते दाबा."

दाबलं. मशीन पूर्ण समोर आली.

"आता डाव्या यादीत चाळणीवर क्लिक करा अन् मधी आणा म्हणा. मग कशीबी फिरवा, चाळणी हलणार न्हाई."

चाळणी मधोमध आली. मी खालची बाजू वर फिरवली, चाळणी अडकवायचे खटके दाखवले. गिऱ्हाईक खुर्ची पुढे ओढून बघू लागलं.

तेवढ्यात फोनमधून ती म्हणाली, "मामा, हे मला ताईंनीच शिकवलंय बरं का. घाईत विसरल्या असतील."

सासऱ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घालून चाळणी फिरवत राहिले. ती मला हसली असती, तर मी तिला मनातल्या मनात चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तीही सोय तिनं ठेवली नाही.

ती परत आल्यावर मी म्हणाले, "खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कुठं? सुरुवात तुमच्याकडं बघूनच केली न्हवं," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

आता मलाही ते जमतं, तिच्याइतकंच. तरी गिऱ्हाईक आलं की सासरे आधी धाकटीला हाक मारतात. मी आतल्या खोलीत ड्रॉइंगवर मापं टाकत असते. बाहेर तिच्या माउसचा आवाज सुरू झाला की माझे आकडे चुकतात.