बोअरच्या पाण्यात डाळ शिजेना

क्षार आणि किस्से एकाच पद्धतीने साठतात. रोज थोडे, कोणाच्या ध्यानात न येता. मग एक दिवस नळ फिरवावा तर धार करंगळीएवढी, आणि जिन्यात बसावं तर गोष्टी संपता संपत नाहीत.

आमची इमारत जुन्नरच्या कडेला, चार बिऱ्हाडांची. गावच्या नळाची लाइन आमच्यापर्यंत अजून यायची आहे, म्हणून सगळा कारभार बोअरवर. पाणी इतकं जड, की कितीही साबण घासा, फेस म्हणून येत नाही. मी कचेरीत कारकून म्हणून जन्म काढला. दाद न देणं म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं.

*

माझी थोरली बहीण, आक्का, पुण्याला असते. दर वर्षी गणपती झाले की चार दिवस येते आणि तपासणी करून जाते. मागच्या खेपेस तिने वरणभाताचा पहिला घास घेतला, थांबली, आणि डाळीचे पाच-सहा अख्खे दाणे ताटाच्या कडेला मांडून ठेवले.

"सुमन, कुकर बिघडलाय का गं?"

"नाही वन्सं. पाणी जड आहे, डाळ शिजत नाही."

"पाण्याला कशाला नावं ठेवतेस? आमच्या आईनं दहा माणसांचं रांधलं, पाण्याची तक्रार कधी ऐकली नाही."

आक्काची गाडी वळणाआड जाईपर्यंत सुमन हसून हात हलवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या वर्षी वन्सं याच घरात लोण्यासारखं पुरण खातील. नाहीतर हा फ्लॅट विकायचा आणि पोराकडं जायचं."

पोरगा पुण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. मी तिथे आठ दिवस काढले आहेत. आपणहून माझ्याशी बोलली ती फक्त लिफ्ट.

तेव्हा डाळ शिजणं ही माझीही गरज होती.

*

पहिला सल्ला रफिकभाईंचा. तळमजल्यावर राहतात, पंचवीस वर्षं प्लंबिंग करतात. आमचा गिझर तासभर गुरगुरून कोमट पाणी देऊ लागला, तेव्हा त्यांनी तो उघडला. आतली कॉइल दिसेना. तिच्या जागी पांढऱ्या दगडाचा एक खांब होता, वर कंगोरे, खाली बैठक.

रफिकभाईंनी त्यावर पाना वाजवून पाहिला. "भाऊसाहेब, लेण्याद्रीला लोकांनी छिन्नी-हातोड्यानं कोरलं. तुमच्या गिझरनं नुसतं पाणी तापवून केलं, राव."

मी विचारलं, "यावर उपाय काय?"

"उपाय लई हायेत. पण एकबी टिकत नाय. आमचं पोट त्याच्यावर तर चाललंय."

इतकं प्रांजळ उत्तर मला कचेरीत एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं.

*

दुसरा सल्ला कांबळे सरांचा. समोरच्या दारात राहतात, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यांनी पुडीतून लिंबूसत्व आणून दिलं. "किटलीत पाणी भरा, हे टाका, उकळा, तासभर ठेवा. क्षार विरघळतो. हे शास्त्र आहे."

शास्त्र खरं निघालं. तासाभराने किटली आतून लखलखत होती. त्या आनंदात मी तिच्यातल्याच पाण्याचा चहा केला, दूध घातलं आणि पहिला कप सरांनाच दिला.

सरांनी कपात पाहिलं. चमच्याने एक गोळा वर काढला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "पाणी ओतून द्यायचं, हे मी वर्गात वेगळं सांगत असे."

मग त्यांनी डाळीत चिमूटभर सोडा घालण्याचं सुचवलं. सुमनने हात जोडले. "सर, सोडा घातला म्हणजे वन्संपुढं हार कबूल केली."

*

अर्ज हे माझं हत्यार. सविस्तर तक्रार लिहिली, चौघांच्या सह्या घेतल्या, आणि सुमनकडून पाण्याचा नमुना बाटलीत भरून घेऊन तपासणीला पाठवला. अहवाल आला: पाणी मृदू व उत्तम, तक्रारीत तथ्य आढळत नाही.

मी तो तीनदा वाचला. मग सुमनला विचारलं, "बाटली कुठल्या नळाची भरली होतीस?"

"कांबळे सरांच्या आरओ फिल्टरची. त्यांना प्यायला पुरेल एवढंच निघतं त्यातून, पण एक बाटली दिली."

"का?"

"अहो, सरकारी माणसांच्या हातात जायची होती. परक्याला कोणी असलं पाणी देतं का?"

आमच्या तक्रारीवर आमच्याच चौघांच्या सह्या होत्या. फाइल बंद झाली.

*

सुमनचं माहेर शिनोलीचं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ दोन शिट्ट्यांत विरघळते. बायका माहेराहून पापड, कुरडया आणतात. ही वीस लिटरचा कॅन घेऊन एसटीत चढली. मी सोबत होतो, अनोळखी माणसासारखा.

कंडक्टरने कॅनवर पंच आपटला. "मावशी, काय हाय ह्यात?"

"पाणी."

"का? जुन्नरात पाणी नाय?"

"हाय की. पण त्यात डाळ शिजत न्हाई."

मागून एक म्हातारी म्हणाली, "कुठल्या बाजूला ऱ्हाता? आमच्यात बी त्येच व्हतं." आळे फाट्याला जाणारी दोन माणसंही त्यात पडली. उतरेपर्यंत अर्ध्या गाडीने आपापल्या पाण्याची गाऱ्हाणी सांगितली. कॅनचं तिकीट मागायचं कंडक्टर विसरला.

त्या कॅनचं वरण चार दिवस पुरलं. पाचव्या दिवशी पुन्हा दाणे.

*

जूनमध्ये कांबळे सर गच्चीवर गेले आणि जिन्यावरच्या पत्र्याकडे बघत उभे राहिले. "पावसाच्या पाण्यात क्षार नसतो," ते म्हणाले.

रफिकभाई म्हणाले, "मग आजवर बोलला का नाय?"

"कोणी विचारलं नाही. सगळे किटलीचंच विचारत होते."

रफिकभाईंनी पत्र्याला पन्हळ लावली, पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून दिलं, मग पाइप झाकणाच्या टाकीत उतरवला, आणि तिथून चारही स्वयंपाकघरांत एकेक नवा नळ आणला. आमच्या ओट्यावर आता दोन नळ झाले: एक चकचकीत, दुसरा बोअरचा, पांढरी दाढी वाढलेला.

गणपती झाले. आक्का आली. सुमनने पुरणपोळी वाढली. आक्काने पोळी मोडली, बोटांत पुरण चुरून पाहिलं, दाणा सापडला नाही. दुसरी पोळी तिने न तपासता खाल्ली. तिसरी मागून घेतली.

निघताना ती स्वयंपाकघरात गेली. मी दारात होतो.

"सुमन," आक्का हळू आवाजात म्हणाली, "आमच्या सोसायटीत सहा महिने टँकर येतोय. हरभऱ्याची डाळ काही केल्या शिजत नाही गं. तुमचं पाणी चांगलं दिसतंय. एवढी बाटली भरून देतेस?"

"देते की, वन्सं. त्यात काय."

सुमनने बाटली घेतली, स्वच्छ विसळली, आणि दाढीवाल्या नळाखाली धरली.